मास्तरांचा वरचा सा

मी व्हायोलिन वाजवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास हनुवटीखाली हात धरून दाखवतो आणि विचारतो, "असं?" असं नाही. आम्ही मांडी घालून बसतो, उजवं पाऊल जरा पुढे काढतो, व्हायोलिनचं डोकं त्या घोट्यावर टेकवतो आणि बूड छातीशी धरतो. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे, पण इथे परत सांगावं लागतंय, कारण या बैठकीत वाजवणाऱ्याचा डावा हात शेजारी बसलेल्याला पूर्ण दिसतो. कुठलं बोट कुठे पडलं, सगळं उघड.

दुसरी गोष्ट. सतारीला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनच्या दांडीवर काही म्हणता काही नसतं. बोट कुठे टेकवायचं ते कान सांगतो. जसजसं वरच्या सप्तकात जावं तसतशी स्वरांची घरं जवळ येत जातात, आणि वरच्या सा पाशी पोचलात की तांदळाच्या दाण्याएवढं बोट सरकलं तरी सूर गेला. माझं आणि माझ्या मास्तरांचं जे काही वाटोळं झालं ते त्या दाण्याएवढ्या जागेत झालं.

मास्तर रत्नागिरीत मांडवीला राहायचे. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात व्हायोलिन वाजवायचे, की व्हायोलिन वाजवायचे आणि उरलेल्या वेळात चित्रकला, ते त्यांच्या हेडमास्तरांनाही कधी कळलं नसेल. मी लांज्याकडच्या एका बौद्धवाडीतली. वडील मुंबईत गोदीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी एका गायनपार्टीत कोरसला उभे राहायचे. पार्टीतला व्हायोलिनवाला वारला, त्याच्या घरात ते वाद्य कुणालाच नको झालं, म्हणून वडील मे महिन्यात येताना ते घेऊन आले. वाडीत त्याचं काय करायचं कुणाला ठाऊक नव्हतं. आईने ते जुन्या लुगड्यात गुंडाळून कणगीवर ठेवून दिलं.

अकरावीला मी रत्नागिरीत होस्टेलला आले आणि ते गाठोडं घेऊन मास्तरांच्या दारात उभी राहिले. लोकांना माझ्या तोंडून फार ऐकायचं असतं की मास्तरांनी माझं आडनाव विचारलं नाही. विचारलं होतं. ऐकून "बरं" म्हणाले, माझा डावा हात हातात घेतला, करंगळी ताणून पाहिली आणि म्हणाले, "लांब आहे. बस गो." मग सहा महिने फक्त सा. सा लागला की वाद्याचं लाकूड छातीशी थरथरतं, ते कळेपर्यंत रे शिकायचा नाही. मला त्यांचा इतका राग यायचा की होस्टेलवर जाऊन मी उशी बडवायचे. सहा महिन्यांनी ती थरथर आली आणि मी रडले, तेव्हा मास्तर म्हणाले, "आता रे. डोळे पूस आधी, तारांवर पाणी नको."

त्यांनी सगळ्यात आधी मला तयार केलं ते साथीला. आमच्याकडे व्हायोलिनवाल्याला बोलावणं येतं ते नाटकाला, कीर्तनाला, गाणाऱ्याच्या मागे बसायला. साथीचा मास्तरांचा नियम एकच होता: मागच्याने पुढच्याला उघडं पाडायचं नाही. त्यांच्या तरुणपणी एक म्हातारे कीर्तनकार होते. उत्तररंगापर्यंत बुवांचा आवाज थकून हळूहळू उतरायचा. पेटीवाला आपल्या पट्टीला चिकटून, त्यामुळे बुवा सगळ्यांना बेसूर वाटायचे. मास्तरांनी एकदा पेटीवाल्याला खूण करून थांबवलं आणि बुवा उतरतील तसं आपलं व्हायोलिन त्यांच्याबरोबर उतरवत नेलं. "देवळात एकाला कळलं नाही," मास्तर सांगायचे. "बुवांनासुद्धा नाही. साथीचं इमान म्हणतात ते हे." ही गोष्ट मी पन्नास वेळा तरी ऐकली असेन आणि दर वेळी मला ती आवडली. मूर्ख होते मी.

शिकण्यात बारा वर्षं गेली. मधेच इथल्या एका सरकारी कचेरीत मला नोकरी लागली. लग्न केलं नाही, त्याची कारणं निराळी आहेत, ती इथे नकोत. हळूहळू मास्तर कार्यक्रमात मला शेजारी घेऊन बसायला लागले. त्यांनी वाजवायचं, त्यांनी सोडलेली जागा मी भरायची, आणि शेवटी दोघांनी एकत्र वरच्या सा वर जाऊन थांबायचं. तो वरचा सा ऐकायलाच माणसं यायची. मास्तर तारांवर गज एका लांबीत ओढायचे, ना कंप ना खरखर, आणि अख्खी बैठक खोकायची थांबायची. पुण्याला गेलो, कोल्हापूरला गेलो, गोव्याला तर कितीदा. पत्रिकेत मास्तरांचं नाव मोठं असायचं आणि खाली बारीक अक्षरात माझं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. वाटायचं.

मास्तर अडुसष्टचे झाले तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्यांच्या पडवीत आम्ही अहिर भैरव वाजवत बसलो होतो. वरच्या सा वर दोघं थांबलो आणि दोन सूर एकमेकांना घासायला लागले. दोन तारा जवळजवळ मिळाल्या पण पुऱ्या मिळाल्या नाहीत की एक बारीक गुरगुर निघते, ती निघाली. मला वाटलं, मीच चुकले. म्हणून मी बोट किंचित वर सरकवलं. गुरगुर थांबली. मास्तर डोळे मिटून हसले. "हां, आता लागला." मी बोट न लावता मोकळ्या तारेवर गज हलकेच टेकवून ताडून पाहिलं. आमचा दोघांचाही सा चढा होता, हवा त्याहून वर.

त्या आठवड्यात तीनदा तसंच झालं. मग मी काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, स्वयंपाकघरात गाठलं. त्या कोकमाची वाळलेली सोलं बरणीत भरत होत्या. मी सांगितलं ते ऐकून त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "टीव्हीचा आवाज किती मोठा असतो ते तू ऐकतेसच. कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं मी त्यांना. मशीन दिलंय. बोलणं ऐकायला घालतात, वाजवताना काढून ठेवतात, व्हायोलिन म्हणे पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखं ऐकू येतं त्यातून."

"पण काकू, सूर चढतोय."

"ते पण डॉक्टरनं सांगितलं. मला एकटीला, बाहेर बोलावून. वरचे स्वर त्यांना आहेत त्याहून उतरलेले ऐकू येणार. म्हणजे ते चढवायला जाणार. कमी ऐकू येतं हे त्यांना माहीत आहे गो. चुकीचं ऐकू येतं हे माहीत नाही." बरणीचं झाकण लावून त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तू सांगू नकोस हां. व्हायोलिन सोडलं तर हा माणूस जगायचा नाही."

"मग मी काय करू?"

"तुला शिकवलंय ना त्यांनी काय करायचं ते."

शिकवलं होतंच. मी साथ करायला लागले. आयोजकांना सांगायला लागले की पेटी नको, पेटीने व्हायोलिन दबतं. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं बटण माझ्या हाताशी ठेवायचे आणि कार्यक्रम सुरू झाला की त्याचा आवाज अर्ध्यावर आणायचे. वर गेल्यावर मोकळ्या तारेला चुकूनसुद्धा गज लागू द्यायचे नाही. आणि वरच्या सा ला मास्तरांच्या बोटाकडे बघून माझं बोट बरोबर तेवढंच वर नेऊन ठेवायचे. एकटा माणूस चुकला तर चूक दिसते. दोघं मिळून एकसारखे चुकले की ऐकणाऱ्याला स्वतःच्याच कानाचा संशय येतो. तबल्याला आमच्याबरोबर वर्षानुवर्षं एकच जण असायचा. पहिल्याच कार्यक्रमात त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली, आणि पुढच्या थांब्याला त्याने हातोडी उचलून तबला जरासा चढवून घेतला. त्यानंतर सात वर्षांत आम्ही या विषयावर अवाक्षर बोललो नाही.

रत्नागिरीत गाणं कळणारी माणसं नाहीत असं समजू नका. चांगली कळतात त्यांना. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्यक्रम संपला की पाया पडायचे, "मास्तर, वय झालंय असं वाटत नाही हो तुमच्याकडे बघून" म्हणायचे, आणि बाहेर चपला घालताना एकमेकांकडे बघायचे. मी बघितलंय. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? आणि बांधायचीच तर माझ्याइतकं जवळचं होतं कोण? मी मात्र मनाला सांगत होते, एक वर्ष, फार तर दोन. मग गुडघे बसू देणार नाहीत आणि हे आपोआप थांबेल. चौथ्या वर्षी काकू गेल्या. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी माझा हात धरून पुन्हा तेच सांगितलं. मास्तरांचे गुडघे मात्र ठणठणीत राहिले.

काकू गेल्यावर वर्षाने मी रेडिओच्या वरच्या श्रेणीसाठी अर्ज केला. उशीरच झाला होता, शेहेचाळीस म्हणजे काही पोरगी नव्हते मी. पण ती श्रेणी मिळाली की एकटीला बोलावणी येतात, पत्रिकेत नाव वर येतं. परीक्षेत तुमचं रेकॉर्डिंग नावाशिवाय पुढे जातं, ऐकणाऱ्याला कोण वाजवतंय ते माहीत नसतं. माझी त्याला काही हरकत नव्हती. तीस वर्षं घासलेला हात होता. निकाल आला: नापास. खाली एका ओळीचा शेरा होता, वरच्या सप्तकात स्वर चढे लागतात.

मला आधी हसू आलं. म्हटलं, गाढव आहेत, मास्तर कुठे होते शेजारी. मग घरी दार लावून बसले, फोनवर सूर मोजायचं ॲप उघडून समोर ठेवलं, डोळे मिटले आणि वरचा सा लावला. मनासारखा लागला. अगदी समाधान झालं. डोळे उघडले तर काटा मधल्या रेघेच्या उजवीकडे होता, म्हणजे चढा. परत लावला. परत उजवीकडे. मी कुणाची साथ करत नव्हते, खोलीत कुणी नव्हतं, तरी बोट तिथेच जात होतं आणि माझा कान त्याला हो म्हणत होता. मास्तरांचे कान वयाने गेले. माझे मी हौसेने घालवले होते.

मला त्या दिवशी रडू आलं नाही, संताप आला. मास्तरांचा आला, मेलेल्या काकूंचा आला, बुवांबरोबर उतरत गेलेल्या त्या व्हायोलिनचा आला. स्वतःचा तर इतका की गज भिंतीवर मारायला उचलला होता. मग खाली ठेवला, कारण दुसरा नव्हता. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत जायच्या आधी दीड तास मी परत सा घेऊन बसले. फक्त सा, काट्यासमोर, सोळाव्या वर्षी बसले होते तशी. दीड वर्ष लागलं बोट जागेवर यायला. या दीड वर्षात मांडवीला जाणं चालूच होतं. सकाळी घरी खरा सा, संध्याकाळी मास्तरांकडे चढा. दोन घरं सांभाळणाऱ्या माणसाची चिडचिड होते म्हणतात, ती मला तेव्हा समजली.

मग मास्तरांना पंचाहत्तर पूर्ण झाली. गावाने सत्कार ठरवला, रविवारी सकाळी हॉलमध्ये, आधी आम्हा दोघांचं वादन आणि मग शाल-श्रीफळ. पंधरा दिवस आधी मला पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. तिकडच्या एका मोठ्या संगीत महोत्सवात कलाकार निवडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. म्हणाले, "तुम्हाला एकटीला बोलवावं असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं आहे. मी सत्काराला येऊन ऐकतो. मागचं तुमचं दोघांचं एक रेकॉर्डिंग ऐकलं. स्पष्ट बोलतो, सूर चढे वाटले. तुमचे की त्यांचे, ते कळेना."

तुमचे की त्यांचे. सत्काराला त्या गृहस्थांसमोर मास्तरांची साथ केली असती तर माझं एकटीचं वाजवणं कायमचं संपलं असतं. त्या वयात कोण पुन्हा विचारणार होतं मला? आणि साथ सोडली असती तर मास्तर अख्ख्या गावासमोर उघडे पडले असते, तेही स्वतःच्या सत्काराला.

आधी सांगून टाकावं, असं मी ठरवलं. आठ दिवस आधी संध्याकाळी त्यांना जेट्टीवर फिरायला घेऊन गेले. मशीन कानात आहे ना ते बघून घेतलं. म्हटलं, "मास्तर, रविवारी वरच्या सा ला आपण..."

"जास्त वेळ थांबू," ते म्हणाले. "माझ्या मनात तेच होतं. काय गो, कान गेले, डोळ्यांत मोतीबिंदू, ही होती तीही गेली. एवढा एक सा तेवढा जागेवर राहिलाय. तो ऐकू दे लोकांना पोटभर."

मी म्हटलं, "हो मास्तर." माझ्या भित्रेपणाला मी तेव्हा माया म्हटलं आणि घरी आले.

रविवारी हॉल भरला होता. पुण्याचे गृहस्थ तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. मी ठरवून गेले होते असं नाही आणि ठरवलं नव्हतं असंही नाही. अहिर भैरव सुरू केला. खालचं सगळं मास्तरांनी असं वाजवलं की मला वाटलं, आज काही होणारच नाही, देव पावला. खाली त्यांचा हात तसाच होता, सुरेल, भरदार. मग आम्ही वर चढलो. मास्तरांनी वरचा सा लावला आणि गज ओढत थांबले. मी माझं बोट लावलं ते खऱ्या सा वर.

गुरगुर सुरू झाली. हॉलमधल्या मोठ्या स्पीकरमधून ती इतकी स्पष्ट आली की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी दचकून वर पाहिलं. मास्तरांना ती ऐकू आली की नाही मला माहीत नाही, पण त्यांना माझा हात दिसला. माझं बोट त्यांच्या बोटाच्या खाली होतं. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ओठ न हलवता ते पुटपुटले, "वर घे." मी घेतलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, "वर, वर." चूक माझी आहे आणि मला सावरायला हवं असंच त्यांना वाटत होतं. मी बोट हलू दिलं नाही.

मग त्यांनी तबल्याकडे बघितलं. तबलजीने मान खाली घालून तबल्याच्या शाईकडे नजर लावली. मास्तरांनी पुढच्या रांगेकडे बघितलं. तिथे त्यांचे जुने विद्यार्थी होते, शाळेतले सहकारी होते, तीस-तीस वर्षं त्यांना ऐकणारी माणसं होती. एकही त्यांच्याकडे बघत नव्हता. सगळे आपापल्या मांडीकडे, पत्रिकेकडे, जमिनीकडे. हे सगळं एका गजात झालं, आठ-दहा सेकंद असतील. मास्तरांना कळलं ते माझ्या सुरावरून नाही, या खाली घातलेल्या मानांवरून.

त्यांनी गज थांबवला नाही. बोट हळूहळू खाली सरकवत आणलं, माझ्या बोटाच्या बरोबरीला आणून ठेवलं, आणि गुरगुर बंद झाली. त्यानंतरची चाळीस मिनिटं ते माझ्या डाव्या हाताकडे बघून वाजवत होते. मी जाईन तिथे अर्ध्या मात्रेने मागून येत होते, मी सोडलेल्या जागा भरत होते, कुठे पुढे जात नव्हते. साथ चोख होती. मी वाजवत राहिले, आणि चांगलं वाजवलं.

लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. शाल घातली, श्रीफळ दिलं, भाषणं झाली. पुण्याचे गृहस्थ जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कळलं मला. कळवतो." मास्तर सगळ्यांशी हसून बोलले.

त्यांना घरी सोडायला मी रिक्षात बसले. मांडीवर शाल आणि नारळ, पायाशी दोन व्हायोलिनं. निघाल्यावर त्यांनी खिशातून मशीन काढलं आणि कानात घातलं, म्हणजे आता मला उत्तर द्यावं लागणार होतं.

"कधीपासून?"

"सात वर्षं."

"हिला माहीत होतं?" ते काकूंबद्दल विचारत होते.

"हो."

रिक्षा मांडवीच्या रस्त्याला लागली तशी त्यांनी नारळ शालीत गुंडाळला. मग म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी व्हायोलिन पेटीत ठेवलं असतं. चांगला वाजवत होता तेव्हा थांबला, असं म्हणाले असते लोक. सात वर्षं तू मला चव्हाट्यावर बसवलंस गो."

"मास्तर, तुम्हीच शिकवलं होतंत, पुढच्याला उघडं पाडायचं नाही म्हणून."

"मग आज काय केलंस?"

घर आल्यावर त्यांनी स्वतःचं व्हायोलिन स्वतः उचललं, मला हात लावू दिला नाही.

पुण्याचं बोलावणं महिन्याभरात आलं. एकटीने वाजवलं, बरं झालं, सूर जागेवर होते. आणखी बोलावणी आली आणि येतात. पत्रिकेत माझं नाव आता एकटीचं असतं, मोठ्या अक्षरात. मास्तर एकाही कार्यक्रमाला आले नाहीत आणि मीही आग्रह धरला नाही. दर रविवारी मी मांडवीला जाते. ते माझ्यासाठी चहा टाकतात, कचेरीतल्या बदल्या विचारतात, मासळीचे भाव सांगतात, भांडण नाही की काही नाही. व्हायोलिनची पेटी त्यांनी कपाटावर टाकली आहे. मांडवीच्या खाऱ्या हवेत तारांचं काय झालं असेल ते मला उघडून बघायला नको.

गेल्या महिन्यात एका रविवारी गेले तर ते पडवीत एक छोटा स्पीकर घेऊन बसले होते. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने कुठून कुठून मास्तरांची तरुणपणची रेकॉर्डिंग्ज जमवून पेनड्राइव्हवर भरून दिली होती. चार दिवस ते तीच ऐकत होते. दाढी वाढली होती. मला बघून त्यांनी मशीन कानात घातलं.

"मला सगळीकडेच सा उतरलेला ऐकू येतो," ते म्हणाले. "चाळीस वर्षांपूर्वीचासुद्धा. म्हणजे तेव्हाही तसाच होता, की आता माझ्या कानाला तसा वाटतो? मला कळायला मार्ग नाही. तू सांग." आणि त्यांनी एक बागेश्री लावली. "पस्तिशीचा असेन मी तेव्हा. खरं सांग हां. सुरात आहे का?"

मी ऐकली. मागे टेपची खरखर होती, कुणीतरी खोकत होतं, आणि त्यातून मास्तर वर गेले आणि सा लावला. माझ्या अंगावर काटा आला. असा सा मी जन्मात ऐकला नव्हता, त्यांच्या पडवीत शिकतानाही नाही. सोळाव्या वर्षापासून मी ज्याच्यामागे धावतेय तो हा.

"आहे मास्तर," मी म्हटलं. "अगदी जागेवर आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी घाईघाईने फोन काढला, म्हटलं, माझ्यावर नको, यंत्रावर तरी विश्वास ठेवा. काटा बराच डावीकडे, उतरलेल्या बाजूला उभा राहिला. जुनी टेप, तिचा वेग जरा मंद, सगळेच स्वर सारखे सरकलेले, म्हणून काटा तिकडे. हे मी समजावायला लागले आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं की हे सगळं सारवासारवीसारखं वाटतंय.

"तू हेच म्हणणार," मास्तर म्हणाले. रागाने नाही म्हणाले. स्पीकर बंद केला आणि कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं.

मी उठून त्यांच्या कानाशी गेले आणि मोठ्याने सांगितलं, सुरात आहे, मास्तर, शपथेवर सांगते, सुरात आहे. त्यांनी मान डोलावली, समजूत काढणाऱ्या माणसापुढे डोलावतात तशी.